गाळाला तळ्याची खोली कळत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात कोळशाच्या एका उघड्या खाणीलगत माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याचं वावर आहे. मागच्या जुलैत नाल्याचं पाणी धुरा ओलांडून त्याच्या पऱ्हाटीत (कपाशीत) शिरलं. ओसरल्यावर मी गेलो, तर ओळींमध्ये दोन बोटं राखाडी-पिवळी माती बसलेली, उन्हानं तडकून पापुद्रे सुटलेली. खाणीच्या पायथ्याशी गाळ अडवायला तळं आहे, तरी हे झालं. "भाऊ, तो खड्डा अजून दहा फूट खोल करा लागत होता," तो म्हणाला, "मंग गाळ आलाच नसता."

हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलंय. पटकन पटतं, पण बरोबर नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

कोळशापर्यंत पोचायला वरची काळी माती, पिवळी माती, वाळूचा दगड असं सगळं उकरून बाजूला रचावं लागतं. खाणीतले लोक त्याला ओबी (ओव्हरबर्डन) म्हणतात, गावात मातीचे डोंगर म्हणतात. पाऊस तिथली माती धुऊन खाली आणतो. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवून ठेवा. वाळू मिनिटाच्या आत तळाशी जाते. थोडे बारीक, म्हणजे 0.02 मिलिमीटरचे कण एक मीटर खाली जायला पाऊण तास घेतात. आणि चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरचा कण? तीन दिवसांहून जास्त. कण दहा पट बारीक झाला की बुडण्याचा वेग शंभर पट कमी होतो. स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये मांडलेला हा नियम.

आता तळं बघा. एका टोकाने गढूळ पाणी येतं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. तेवढ्या वेळात कण तळाला टेकला तर अडकला, नाहीतर गेला नाल्यात. तळं दुप्पट खोल केलं तर पाणी आत दुप्पट वेळ थांबेल, हे खरं. पण कणाला खाली जायचं अंतरही दुप्पट झालं! पाणी थांबण्याचा वेळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, भागिले दर सेकंदाला येणारं पाणी. कण बुडायला लागणारा वेळ म्हणजे खोली भागिले कणाचा वेग. दोन्ही समान मांडा. खोली दोन्हीकडून कटते. उरतं एवढंच: दर सेकंदाला येणारं पाणी भागिले तळ्याचा पसारा, म्हणजे लांबी गुणिले रुंदी. कणाचा वेग या आकड्याहून जास्त असेल तरच तो अडकतो. अ‍ॅलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने हे 1904 मध्ये दाखवून दिलं. खोली लागते ती साचलेला गाळ मावायला आणि तो पुन्हा ढवळला जाऊ नये म्हणून.

आकडे घालून बघू. एक हेक्टर ढिगाऱ्यावर तासाला 36 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर सेकंदाला 100 लिटर पाणी येतं. त्यातले 0.02 मिलिमीटरचे कण अडवायला साधारण 278 चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन गुंठे तळं पुरतं. चिकणमातीसाठी शंभर पट: जवळजवळ सात एकर. एका हेक्टरच्या ढिगाऱ्याला पावणेतीन हेक्टरचं तळं! शिवाय हे शांत पाण्याचं गणित आहे. प्रत्यक्षात पाणी घुसळतं, त्यामुळे जागा याहून जास्त लागते.

म्हणून चिकणमातीसाठी वेगळे उपाय लागतात. पहिला आपल्या घरातलाच: तुरटी फिरवणं किंवा निवळीची बी उगाळून घालणं. मातीच्या कणांवर ऋण विद्युत भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे तो भार मारला जातो, कणांचे पुंजके होतात आणि खाली बसतात.

दुसरा उपाय येणारं पाणीच कमी करण्याचा. खाणीच्या आणि ढिगाऱ्याच्या भोवती वरच्या अंगाने चर खणला की बाहेरचं स्वच्छ पाणी परस्पर नाल्याला जातं, गढूळ पाण्यात मिसळत नाही.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: माती उतारावरच धरून ठेवायची. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला नऊ मीटर वेगाने आदळतो आणि उघड्या मातीचे कण उडवतो. इथे वृक्षारोपणाच्या फोटोंवर विसंबू नये. सागाच्या रुंद पानावर पाणी गोळा होऊन मोठाले थेंब पडतात. खाली गवत-पाचोळा नसेल तर उंच सागाखाली माती उघड्या रानापेक्षाही जास्त उखडू शकते. आधी गवत हवं, ते रुजेपर्यंत काथ्याची जाळी किंवा तणस हवं, आणि मुळात काढलेली काळी माती वेगळी राखून वर पसरलेली हवी.

त्या दिवशी आम्ही दोघं तळ्यापर्यंत चालत गेलो. पाणी आत येतं ती नाली आणि बाहेर जातं तो सांडवा एकाच काठाला, वीस पावलांच्या अंतरावर. मधून गढूळ धार सरळ निघून जात होती आणि पलीकडचा अर्धा भाग निवळशंख होता, काठाचे दगड तळाशी दिसत होते. म्हणजे जेवढं तळं कागदावर आहे, त्यातलं अर्धं कामालाच लागत नव्हतं. नाली आणि सांडवा यांच्या मधून एक मातीचा बांध आत काढला, तर पाण्याला पूर्ण वळसा घालावा लागेल. मे महिन्यात गाळ उपसतील तेव्हाच हे होऊ शकतं. तसा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसून लिहिला, तळ्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून.