मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती, तास किती, घरातून निघायचे कधी

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,540 किलोमीटर. ताशी 900 किलोमीटरने हिशेब केला तर चौदा तास होतात, पण थेट विमानाच्या तिकिटावर साडेपंधरा-सोळा तास दिसतात. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे-उतरणे आणि समोरचा वारा हे सगळे त्यात धरलेले असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. परतीला तेच पाठीशी असतात, म्हणून येताना साधारण तासभर वाचतो.

हे अंतर गोलावर मोजलेले आहे. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा, तो थेट आइसलँडजवळून जातो! प्रत्यक्ष मार्ग मात्र वारा आणि हवाई हद्दी बघून ठरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, एरवी साडेदहा. समजा, जूनमध्ये मुंबईहून रात्री 1.30 ला निघून तिथे सकाळी 7.30 ला पोहोचता. वजाबाकी सहा तासांची, त्यात साडेनऊ मिळवा: प्रवास साडेपंधरा तासांचा. परतीच्या हिशेबात साडेनऊ वजा करायचे.

सर्वांत महागात पडणारी चूक तारखेची. 15 तारखेचे रात्री 1.30 चे विमान म्हणजे 14 च्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचे. 15 ला रात्री जेवून निघालात तर विमान आदल्याच रात्री गेलेले असते. पुण्याहून निघणाऱ्यांनी 14 ला दुपारी चारलाच गाडी काढावी. पावसाळ्यात किंवा शुक्रवारी संध्याकाळी घाट अडला की चार तासांचे सहा होतात.

पुढे अमेरिकेतच दुसरे विमान असेल तर न्यूयॉर्कला इमिग्रेशन होते, बॅगा स्वतः घेऊन कस्टममधून बाहेर काढाव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. मुंबईत पुढच्या शहराचा टॅग लावला असला तरीही. मध्ये तीन तास ठेवा. दीड तासाचे स्वस्त तिकीट आम्ही सुचवत नाही. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते, म्हणून तिथला थांबा मोठा घ्यावा. दोन वेगवेगळी तिकिटे काढली असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.

आई-बाबा एकटे जात असतील तर व्हीलचेअर किमान 48 तास आधी नोंदवा. औषधे हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत नकोच, तिथे ते गोठू शकते. गोळ्यांच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा धरायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.