बटबटीत म्हणून नाकारलेल्या, तरी हौसेने जमवलेल्या: सुव्हेनिरची पार्श्वभूमी

आयफेल टॉवरची कीचेन, पिसाच्या कलत्या मनोऱ्याचा टेबल लॅम्प, हलवला की आत बर्फ पडणारा काचेचा गोळा, शहराचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेला फ्रिज मॅग्नेट. प्रवासाची आठवण म्हणून आणलेल्या या वस्तूंना, म्हणजे सुव्हेनिरना, बटबटीत म्हणायची रीत पडून गेली आहे, आणि तरीही त्या आणणाऱ्यांची आणि जमवणाऱ्यांची हौस ओसरलेली नाही. पर्यटन वाढलं, अभिरुची घसरली आणि त्यातून हा पसारा आला, असं सर्रास समजलं जातं. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. साच्यातून काढलेली, स्वस्त, जागेचं नाव मिरवणारी वस्तू घरी आणण्याची ओढ फार जुनी आहे. तिला नाकं मुरडणं मात्र त्या मानाने अलीकडचं.

२००३ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी मंडळींना एक छोटं ब्राँझचं भांडं सापडलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. त्याचा तळ आणि दांडा हरवलेला, पण बाहेरच्या अंगावर रंगीत मिन्याची वळणदार नक्षी शाबूत आहे आणि काठाखाली रोमन सम्राट हेड्रियनने उत्तर इंग्लंडमध्ये बांधलेल्या सीमाभिंतीवरच्या चार किल्ल्यांची नावं ओळीने कोरलेली आहेत. अशीच किल्ल्यांची नावं असलेली आणखी दोन भांडी आधीच ठाऊक होती: एक १७२५ मध्ये इंग्लंडमध्येच मिळालेलं, दुसरं १९४९ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ शहरात. रोमन साम्राज्याच्या उत्तर सीमेवर नोकरी केलेल्या माणसाने सोबत नेलेली ही आठवण असावी, असं अभ्यासक मानतात. नक्षी, रंग आणि ठिकाणाचं नाव, म्हणजे आजच्या मगवर जे असतं तेच सगळं तिथे आहे.

पुढची अनेक शतकं हा व्यवहार मुख्यतः यात्रेकरूंच्या हातात राहिला. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मेना या तीर्थक्षेत्री मातीच्या चपट्या कुप्या मिळत. त्यांवर दोन उंटांच्या मधोमध उभे असलेले संत मेनास छापलेले असत. या कुप्या भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरल्या आणि थेट इंग्लंडपर्यंत पोहोचल्या.

मध्ययुगीन युरोपात तर या धंद्याने कारखानदारीचं रूप घेतलं. ११७० मध्ये कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट यांची हत्या झाली, तीन वर्षांत चर्चने त्यांना संत घोषित केलं आणि तिथे यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांच्यासाठी शिसं आणि कथिलाचे बिल्ले तयार होऊ लागले. दगडात उलटी आकृती कोरायची, वितळलेला धातू ओतायचा, थंड झाला की काढायचा आणि लगेच पुढचा घ्यायचा. धातू मऊ, पत्रा पातळ, कडेला टोपीवर किंवा अंगरख्यावर टाचण्यासाठी बारीक कड्या. कारागिरी पाहिली तर काही ठिकाणी चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. घेणाऱ्याला त्याने काही फरक पडत नव्हता. बिल्ल्याला त्या पवित्र जागेचा स्पर्श झाला आहे, एवढं त्याला पुरे होतं.

मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग आखेनचा वाटतो. जर्मनीतल्या या शहरात दर सात वर्षांनी पवित्र अवशेषांचं दर्शन घडवलं जाई. गर्दी इतकी की जवळ जाणं अशक्य. म्हणून यात्रेकरू छोटे आरसे विकत घेत आणि डोक्यावर उंच धरत. अवशेषांतून निघणारं तेज आरशात पकडलं जातं आणि घरी नेता येतं, अशी श्रद्धा होती. १४३९ च्या यात्रेसाठी हे आरसे मोठ्या संख्येने बनवायला स्ट्रासबुर्गमध्ये काही भागीदार एकत्र आले. त्यांतला एक होता योहानेस गुटेनबर्ग. यात्रा वर्षभर पुढे ढकलली गेली, एक भागीदार वारला, वारसांनी कोर्टात धाव घेतली आणि त्या दाव्याच्या कागदांमुळे आपल्याला हे कळतं. छपाईयंत्राने जगाला पुस्तकं देणारा माणूस त्याआधी यात्रेच्या स्वस्त आठवणींचं घाऊक उत्पादन करत होता. एकाच वस्तूच्या हजारो प्रती काढायच्या आणि सामान्य माणसाला परवडतील अशा करायच्या, ही कल्पना दोन्ही ठिकाणी एकच आहे.

स्वस्त प्रतिकृती नसेल तर लोक काय करतात, हेही पाहायला हवं. ते मूळ वस्तूच फोडून नेतात. इंग्लंडहून आलेले वसाहतकार जिथे उतरले असं मानलं जातं, त्या अमेरिकेतल्या प्लिमथ रॉक या खडकाचे तुकडे असेच गेले. शेक्सपिअरने लावल्याचं सांगितलं जाणारं तुतीचं झाड पाहायला येणाऱ्यांना कंटाळून घरमालकाने ते १७५६ मध्ये तोडून टाकलं. त्याचं लाकूड थॉमस शार्प या स्थानिक कारागिराने घेतलं आणि त्यापासून डब्या, पेले, लहानसहान वस्तू बनवून वर्षानुवर्षं विकल्या. एका झाडातून इतकं लाकूड निघेल कसं, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा १७९९ मध्ये त्याला शपथेवर सांगावं लागलं की आपण दुसरं लाकूड कधी वापरलं नाही. त्या तुलनेत साच्यातला बिल्ला निरुपद्रवी आणि प्रामाणिक. तो मूळ असल्याचा दावा करत नाही आणि मुळाला ओरखडाही काढत नाही.

याच काळात इटलीची सफर करणारे श्रीमंत तरुण कानालेत्तोची व्हेनिसची दृश्यं आणि पिरानेसीची रोमची खोदचित्रं घरी नेत होते. त्या वस्तू आज संग्रहालयांत आहेत. हेतू विचाराल तर बिल्ल्याचा आणि त्यांचा एकच, फरक पैशाचा.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, १८४१ मध्ये टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला पहिली सहल नेली आणि हळूहळू कामगार, कारकून, शिक्षकही फिरू लागले. त्यांच्यासाठी लागणाऱ्या वस्तूही आल्या. विल्यम हेन्री गॉस यांच्या कारखान्यातून निघालेली, गावागावांची मानचिन्हं रंगवलेली चिनी मातीची छोटी भांडी इतकी लोकप्रिय झाली की १९०४ मध्ये ती जमवणाऱ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. एखाद्या गावाचं चिन्ह असलेलं भांडं त्याच गावातल्या नेमलेल्या दुकानात मिळे, म्हणजे ते हवं असेल तर तिथवर जावंच लागे. जमवण्यातली गोडी या अटीत आहे. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला, पण चौथऱ्याच्या खर्चासाठी त्याच्या सहा इंची प्रतिकृती एक डॉलरला आणि बारा इंची पाच डॉलरला त्याआधीच विकल्या जात होत्या. मूळ पुतळा जागेवर चढण्याआधी त्याचं बाळरूप लोकांच्या घरात पोहोचलं होतं.

बर्फाचा गोळा मात्र अपघाताने रुजला. पाण्याने भरलेले काचेचे गोळे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात दिसले होते, पण त्यांना आजचं रूप आणि घर मिळालं ते व्हिएन्नात. शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारे एर्विन पेर्झी १९०० च्या सुमारास दिव्याचा उजेड वाढवण्याच्या खटपटीत होते. पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्यात प्रकाश परतवण्यासाठी त्यांनी रवा टाकून पाहिला. उजेड काही वाढला नाही, पण पांढरे कण संथ खाली उतरताना हिमवर्षावाचा भास झाला. त्यांनी आत मारियात्सेल या तीर्थक्षेत्राच्या चर्चची छोटी प्रतिकृती बसवली. म्हणजे इथेही सुरुवात यात्रेपासूनच. पेर्झी कुटुंब आजही व्हिएन्नात हे गोळे बनवतं आणि बर्फ कशाचा असतो हे बाहेर सांगत नाही. १९२७ मध्ये अमेरिकेत जोसेफ गराजा यांनी गोळा पाण्याखालीच भरून बंद करण्याच्या पद्धतीसाठी पेटंट मागितलं, उत्पादन सोपं झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकने किंमत आणखी खाली आणली.

तुच्छता उघडपणे बोलली जाऊ लागली ती याच सुमारास. १९३९ मध्ये समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी असल्या उत्पादनांना खऱ्या कलेची नक्कल ठरवलं, तयार भावना विकणारी म्हटलं. त्यांचा रोख प्रचारकला आणि करमणुकीच्या बाजारावर होता, आणि तिथे त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. पण तोच शिक्का टेबलावरच्या छोट्या मनोऱ्यावर मारणं अन्यायाचं आहे. १९६४ मध्ये सूझन सोंटॅग यांनी भडक, अतिरंजित गोष्टींत रस घेण्याच्या वृत्तीवर गंभीरपणे लिहिलं, तेव्हापासून सुशिक्षितांनाही या वस्तू उघडपणे आवडू लागल्या. ज्यांनी त्या मनापासून आधीच जपल्या होत्या, त्यांना या परवानगीची गरज नव्हती.

आकर्षण नेमकं कशात, याचं मला पटलेलं उत्तर बेव्हर्ली गॉर्डन या अभ्यासक बाईंनी १९८६ मध्ये दिलं. सुव्हेनिर रोजच्या जगण्याबाहेरच्या काळाची साक्ष देतं आणि नंतर रोजच्या जगण्यातच राहतं, असं त्यांचं म्हणणं. यात मला एवढंच जोडावंसं वाटतं की वस्तू ओबडधोबड असणं इथे उपयोगी पडतं. सुंदर कलाकृती स्वतःकडे पाहायला लावते. रंग उडालेला, हजारो घरांत असलेला मॅग्नेट स्वतःबद्दल फारसं काही बोलत नाही, म्हणून त्यात कोणासोबत गेलो होतो, पावसाने कसं गाठलं, हे सगळं मावतं.

ती वस्तू कुठे बनली याचाही त्यामुळे फारसा फरक पडत नाही, निदान घेणाऱ्याला. महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या जपानमधून जगभर गेलेल्या खेळण्यांच्या, शोभेच्या वस्तूंच्या तळाशी तसा शिक्का असे, आणि आज त्या शिक्क्यासाठीच लोक त्या शोधतात. २०११ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाच्या दुकानात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चीनमध्ये बनलेले अर्धपुतळे सापडले, तेव्हा सिनेटर बर्नी सँडर्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. रोजगाराचा प्रश्न म्हणून ती रास्तच होती.

खरं-खोटं ही कसोटी इथे किती वेगळी चालते, याचा नमुना लंडनमध्ये आहे. १८५७ पासून विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन या दोघांनी मध्ययुगीन यात्रेच्या बिल्ल्यांची नक्कल करून थेम्सच्या चिखलात सापडल्याचं सांगत हजारो तुकडे विकले. दोघे निरक्षर होते, त्यामुळे बिल्ल्यांवरची अक्षरं अर्थहीन आहेत आणि अकराव्या शतकाच्या तारखा त्या काळी युरोपात रूढच नसलेल्या आकड्यांत आहेत. लबाडी उघडी पडली, तरी विक्री काही वर्षं चालूच राहिली. आता संग्राहक हे खोटे बिल्लेही ‘बिली आणि चार्ली’ या नावाने शोधून विकत घेतात आणि संग्रहालयं ते जपून ठेवतात.