आयुर्विम्याचा हप्ता आणि वय

आयुर्विम्याचा हप्ता ठरवताना सर्वांत आधी पाहिले जाते ते विमेदाराचे वय. त्या वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती दगावतात हे मृत्युमान कोष्टकावरून काढतात आणि व्याज व खर्च हिशेबात धरून हप्ता बसवतात.

ही रीत सुरुवातीपासून नव्हती. लंडनमध्ये १७०६ साली स्थापन झालेल्या ‘अमिकेबल सोसायटी’ या आयुर्विमा संस्थेत तरुण आणि प्रौढ सारखीच वर्गणी भरत, मात्र पंचेचाळिशी उलटलेल्यांना प्रवेश नसे. वास्तविक खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६९३ मध्येच ब्रेस्लाउ शहरातील मृत्युनोंदींवरून कोष्टक तयार करून वार्षिकीची (एकरकमी पैसे भरून हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची) किंमत वयावर कशी अवलंबून असते, हे दाखवले होते. वयामुळे ‘अमिकेबल’ने नाकारलेले गणितज्ञ जेम्स डॉडसन यांनी वयानुसार हप्त्याची पद्धत मांडली. १७५७ मध्ये ते वारले. त्या पद्धतीवर चालणारी ‘इक्विटेबल सोसायटी’ १७६२ मध्ये उभी राहिली.

वयाबरोबर हप्ता सरळ रेषेत वाढत नाही. गणितज्ञ बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखवले, की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक काळाने पटीत वाढतो. तो दर आठ वर्षांनी दुप्पट होतो असे धरले, तर तिशीतला धोका ५४ व्या वर्षी आठपट आणि ६२ व्या वर्षी सोळापट होतो. म्हणून पंचविशी आणि तिशीतल्या हप्त्यांत फरक थोडाच असतो, पन्नाशी आणि पंचावन्नमध्ये तो चांगलाच जाणवतो.

मुदत विम्यात ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम मिळते; दरवर्षी नूतनीकरण होणाऱ्या अशा विम्यात ही चढण उघड दिसते. समान हप्त्याच्या विम्यात ती झाकली जाते: सुरुवातीला धोक्यापेक्षा जास्त पैसे घेऊन राखीव निधी साठवतात आणि उतारवयातील तूट त्यातून भरून काढतात. आजीवन विमा मुदत विम्यापेक्षा महाग असतो, कारण तो चालू ठेवला तर विम्याची रक्कम कधी ना कधी द्यावीच लागते.

वय सारखे असले तरी धूम्रपान करणाऱ्यांना बराच जास्त हप्ता पडतो. स्त्रियांचे आयुर्मान अधिक असल्याने त्यांना बहुधा कमी पडतो. युरोपीय संघात मात्र डिसेंबर २०१२ पासून नव्या करारांत लिंगानुसार वेगळा दर लावता येत नाही. खुद्द वय मोजण्याच्याही दोन पद्धती आहेत. काही विमा कंपन्या मागचा वाढदिवस धरतात, काही जवळचा. दुसऱ्या पद्धतीत वाढदिवसाला सहा महिन्यांहून कमी अवधी उरला, की माणूस कागदावर एका वर्षाने मोठा होतो.