शुक्राणूचा खटका

दर काही महिन्यांनी एक मजकूर मोबाइलवर फिरून येतो. 'पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी झाली, पण पुरुषांना मुरमं आणि चिडचिड सोसवेना, म्हणून ती गुंडाळली. बायका साठ वर्षं हेच सोसताहेत.' खाली हसून लोळणारे चेहरे. मागच्या आठवड्यात तो मला तिघींनी पाठवला, त्यातली एक डॉक्टर आहे.

टोमणा मार्मिक आहे आणि त्यामागची चीड रास्त आहे. फक्त घडलं ते असं नाही. त्या चाचणीत 320 पुरुष होते आणि त्यांना दर आठ आठवड्यांनी दोन संप्रेरकांची इंजेक्शनं दिली जात होती. 2011 मध्ये ती थांबवली ती सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या बाहेरच्या समितीने, नैराश्य आणि मनःस्थितीच्या तक्रारी पाहून. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा दिसलं, की ही पद्धत पुढे मिळाली तर वापरू असं म्हणणारे पुरुष पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त होते. पळ काढला तो त्यांनी नव्हे.

मला यात खुपणारा प्रश्न वेगळाच आहे. शुक्राणू अडवायचे तर माणसाच्या मनःस्थितीला हात लावावाच का लागतो?

लागतो, कारण ही पद्धत कारखानाच बंद करते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. मग तो वृषणांना आदेश देणारी संप्रेरकं पाठवत नाही आणि उत्पादन थांबतं. पण बाहेरून दिलेली संप्रेरकं रक्तातून सगळीकडे फिरतात, त्वचेत, स्नायूंत, मेंदूत. शिवाय कारखाना अवाढव्य आहे. स्त्रीच्या शरीरात महिन्याला साधारण एक बीज पक्व होतं. पुरुषाच्या शरीरात सेकंदाला हजाराहून अधिक शुक्राणू तयार होतात आणि एकेक घडायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणजे आज औषध सुरू केलं तरी मागचा साठा संपेपर्यंत थांबा, आणि बंद केलं की नवा माल येईपर्यंत पुन्हा थांबा.

संप्रेरकांना वळसा घालायचे प्रयत्नही जुने आहेत. 1970 च्या दशकात चीनमध्ये हजारो पुरुषांना कापसाच्या सरकीतलं गॉसिपॉल दिलं गेलं. शुक्राणू घटले, पण काहींचं पोटॅशियम घसरलं आणि काहींचे शुक्राणू पुन्हा आलेच नाहीत. त्याआधी विन 18,446 नावाचं एक रसायन तपासलं गेलं होतं. ते उत्तम चालत होतं, फक्त त्यावर दारू प्यायली की माणूस उलट्यांनी बेजार व्हायचा. (चाचणी तुरुंगातल्या कैद्यांवर केली होती, तिथे दारू नव्हती. त्या काळातल्या नीतिमत्तेबद्दल स्वतंत्र लेख होईल.) ते औषध शरीरात जीवनसत्त्व 'अ' पासून होणारं रेटिनॉइक आम्ल बनू देत नसे, आणि शुक्राणू घडायला ते आम्ल लागतं. हाच धागा पकडून आज वायसीटी-529 ही गोळी आली आहे. ती आम्ल बनणं न थांबवता त्याला पकडणारा वृषणातला ग्राही रेणूच अडवते. 2025 मध्ये 16 पुरुषांवरच्या पहिल्या सुरक्षा-चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गंभीर त्रास कुणाला झाला नाही. चांगली बातमी आहे, पण परिणाम पहिल्या दिवसापासून असणार नाही. इथेही शेवटी कारखानाच बंद करायचा आहे.

मी ज्यासाठी लिहायला बसले ते पुढे आहे.

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत शिकाऊ असताना मी पहिल्यांदा वीर्याचा नमुना तपासला. माझी समजूत अशी, की डबी उघडायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि पाहायचं. वरिष्ठ बाईंनी हात धरून थांबवलं. ताजं वीर्य चिकट, जेलीसारखं गोळा झालेलं असतं. ते पातळ व्हायला वीस-तीस मिनिटं द्यावी लागतात. मग चारशेपट मोठं करून पाहिलं तेव्हा भिंगाखाली नुसती धांदल. काही सरळ सूर मारणारे, काही एकाच जागी गोल फिरणारे, काही नुसती शेपटी हलवत बसलेले. शर्यत वगैरे काही दिसली नाही. कुठे जायचं हे ठाऊक नसलेल्यांची गर्दी दिसली.

बाईंनी तेव्हा सहज सांगितलेली गोष्ट मला फार उशिरा कळली. हेच शुक्राणू तासाभरापूर्वी शरीरात होते तेव्हा जवळजवळ निपचित होते.

वृषणात तयार झालेले शुक्राणू एपिडिडिमिस नावाच्या, गुंडाळी करून बसलेल्या लांबच लांब नळीत साठवले जातात. शेपटी असते, इंधन असतं, सगळी यंत्रं जागच्या जागी असतात, पण पोहणं नसतं. तिथला द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेट फार कमी असतं. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यातला तोच आयन, काही गूढ नाही. वीर्यपतनाच्या वेळी शुक्राणूंमध्ये इतर ग्रंथींचे स्राव मिसळतात आणि बायकार्बोनेट एकदम कितीतरी पटींनी वाढतं. काही सेकंदांत शेपट्या जोरात हलू लागतात.

सोड्याने शेपटी का हलावी? याचं उत्तर एका एन्झाइममध्ये आहे. त्याचं नाव सोल्युबल ॲडेनिलिल सायक्लेज, इथून पुढे एसएसी. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या योखेन बक आणि लॉनी लेव्हिन यांनी ते 1999 मध्ये वेगळं काढून ओळखलं आणि पुढच्याच वर्षी ते थेट बायकार्बोनेटने चालू होतं हे दाखवलं. शाळेत आपण एटीपी म्हणजे पेशीचं इंधन असं शिकलो. एसएसी या एटीपीचे दोन फॉस्फेट तोडून उरलेल्या तुकड्याला कडं घालतं. तयार होतो सायक्लिक एएमपी. हे इंधन नाही, हा निरोप आहे. तो प्रोटीन कायनेज ए या दुसऱ्या एन्झाइमला जागं करतो, आणि ते शेपटीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवत सुटतं. शेपटीच्या गाभ्यात नळ्यांच्या नऊ जोड्या वर्तुळात आणि दोन नळ्या मधोमध असतात. शेजारच्या जोड्यांमध्ये डायनीन नावाचे रेणू हातांसारखे पुढे आलेले असतात. हे हात शेजारच्या जोडीला पकडून ओढतात, एका बाजूचे आधी, दुसऱ्या बाजूचे नंतर, आणि शेपटी इकडून तिकडे वळते. फॉस्फेट चिकटले की ही ओढाओढ वेगाने होते.

इतकंच नाही. 1951 मध्ये चांग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं होतं, की ताजा शुक्राणू बीजाचं फलन करूच शकत नाही, त्याला आधी स्त्रीच्या शरीरात काही काळ 'पिकावं' लागतं. या पिकण्याची सुरुवातही एसएसीपासून होते. पुढे शेपटीतल्या कॅट्स्पर नावाच्या दारांतून कॅल्शियम आत येतं आणि शेपटी चाबकासारखी फटके मारू लागते. बीजाभोवतीचं जाड कवच भेदायला ते फटके लागतात. कॅट्स्परचं प्रकरण मी इथेच सोडते, नाहीतर लेख तिकडेच वाहत जाईल.

तुम्ही इथपर्यंत टिकला असाल तर एवढंच धरून ठेवा: बायकार्बोनेट, एसएसी, सायक्लिक एएमपी, शेपटी. साखळी लहान आहे आणि तिला खटका एकच आहे. आपल्या बहुतेक पेशींत सायक्लिक एएमपी बनवायला पेशीच्या पडद्यात बसलेली आणखी नऊ एन्झाइमं असतात. शुक्राणूची हालचाल मात्र एसएसीवर अडून असते. 2004 मध्ये एसएसीचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे शुक्राणू पुढे पोहू शकत नाहीत असं दिसलं. 2019 मध्ये याच जनुकात दोष असलेल्या दोन पुरुषांची नोंद झाली. दोघंही वंध्य होते. त्यांच्या शुक्राणूंना पेशीत शिरू शकेल अशा रूपात सायक्लिक एएमपी बाहेरून दिलं, तर ते पोहू लागले! यंत्र शाबूत होतं, फक्त खटका नव्हता. आयव्हीएफच्या प्रयोगशाळेतही याच साखळीचा उपयोग करतात. निपचित शुक्राणूंत जिवंत कोणता हे ओळखायला पेंटॉक्सिफिलीन घालतात. ते सायक्लिक एएमपी मोडू देत नाही, मग जिवंत असेल त्याची शेपटी थरथरते.

जाता जाता. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, ही समजूत काही एका देशाची मालकी नाही. अठराव्या शतकातल्या तिसो या स्विस डॉक्टरने एक औंस वीर्य म्हणजे चाळीस औंस रक्त असं छापून युरोपभरच्या तरुणांची झोप उडवली होती. प्रत्यक्षात वीर्यात शुक्राणूंचा वाटा काही टक्के. उरलेला बहुतेक भाग वीर्यकोशांचा आणि प्रोस्टेटचा स्राव, म्हणजे पाणी, फ्रुक्टोज, प्रथिनं, जस्त आणि आपला तो सोडा. 'शक्ती' शोधायचीच असेल तर ती सोड्यात आहे, आणि ती फक्त शुक्राणूच्या कामाची. या भीतीवर चूर्णं आणि गोळ्या विकणाऱ्यांनी एकदा भिंगातून पाहावं.

तर 2018 मध्ये बक-लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत मेलनी बालबाख डोळ्याच्या एका विकारासाठी एसएसी रोखणारी औषधं तपासत होत्या. औषध दिलेल्या उंदरांचे शुक्राणू पुढे सरकत नाहीत असं त्यांना आढळलं. गर्भनिरोधक म्हणून मात्र त्यात एक मोठी अडचण होती, आणि या संशोधनातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे.

औषध घेतलं आहे पुरुषाने. शुक्राणू मात्र थोड्याच वेळात त्याच्या शरीराबाहेर जाणार, आणि जिथे जाणार तिथे औषध नाही. एन्झाइम रोखणारे बहुतेक रेणू त्याच्या खाचेत कायमचे बसत नाहीत. ते बसतात, निघतात, पुन्हा बसतात. भोवती औषध भरपूर असेल तोवर एक निघाला की दुसरा बसतो. ते विरळ झालं की निघालेल्याच्या जागी कुणी येत नाही आणि एन्झाइम मोकळं होतं. म्हणजे नेमक्या नको त्या जागी शुक्राणू जागा व्हायचा. त्यामुळे नुसता घट्ट बसणारा रेणू पुरेना. एकदा बसला की लवकर न उठणारा रेणू हवा होता. रसायनशास्त्रज्ञांनी आधीच्या रेणूत फेरफार करून तसा घडवला, टीडीआय-11861. बायकार्बोनेट ज्या खाचेत बसायचं तीच तो अडवून ठेवतो आणि औषध विरळ झाल्यावरही बराच वेळ सोडत नाही.

2023 च्या फेब्रुवारीत 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये निष्कर्ष आले. एका मात्रेनंतर अर्ध्या-एक तासात उंदरांचे शुक्राणू थंडावले. नरांचं वागणं नेहमीसारखंच, मीलनही नेहमीसारखं. 52 वेळा जोड्या लावल्या, गर्भधारणा एकही नाही. औषध न दिलेल्या नरांमध्ये ती जवळपास एक तृतीयांश वेळा झाली. पहिले दोन तास परिणाम शंभर टक्के, तीन तासांपर्यंत 91 टक्के, आणि चोवीस तासांत शुक्राणू पूर्ववत. कारखाना एक मिनिटही बंद पडला नाही. संप्रेरकांना हात लागला नाही.

वर्तमानपत्रांनी लगेच 'पुरुषांची गोळी आली' असे मथळे दिले. आली नव्हती. हे निकाल उंदरांचे आहेत, आणि पुरुषांची गोळी 'पाच-दहा वर्षांत' येणार हे माझ्या जन्माआधीपासून सांगितलं जातंय. एसएसी मूत्रपिंडात आणि डोळ्यातही असतं. वर सांगितलेल्या त्या दोन पुरुषांना मूतखडे होत होते, आणि हे एन्झाइम रोखलेल्या उंदरांच्या डोळ्यातला दाब वाढलेला दिसला आहे. जनुक जन्मभर बंद असणं आणि एन्झाइम काही तास अडणं यात फरक आहे, पण आठवड्यातून तीनदा, वीस वर्षं गोळी घेतली तर काय, हे उंदीर सांगू शकत नाही. आणि लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांना ही गोळी रोखणार नाही. ते काम कंडोमचंच.

एका बाबतीत मात्र माणसाचं शरीर उंदरापेक्षा सोयीचं ठरू शकतं. उंदरात वीर्य थेट गर्भाशयात पोहोचतं. माणसात ते योनीत पडतं, तिथलं आम्ल शुक्राणूंना मारतं आणि वाचायचं तर गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून पोहत लवकर निसटावं लागतं. झोपलेला शुक्राणू तिथे तीन तासांनी जागा झाला तरी तोवर उशीर झालेला असेल. असेल, असं मी मुद्दाम म्हणते आहे.

माणसावर चाचणी होईल तेव्हा निदान पहिलं उत्तर तरी पटकन मिळेल. संप्रेरकांच्या चाचणीत शुक्राणू मोजत महिनोन् महिने काढावे लागतात. इथे गोळी द्यायची, तासाभराने नमुना घ्यायचा, तो पातळ होईपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि थेंब भिंगाखाली धरायचा. संख्या नेहमीइतकीच, आकार नेहमीसारखा, पण पुढे सरकणारा एकही नाही. खात्री करायला बाजूच्या काचेवर इओसिन या रंगद्रव्याचा थेंब टाकायचा. मेलेले गुलाबी होतात. बाकीचे पांढरे राहतात.