‘एचपीव्ही म्हणजे बायकांचा आजार’ : खुलासा

फिरत असलेला मजकूर असा : ‘एचपीव्हीने फक्त गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, पुरुषांचा याच्याशी संबंध नाही.’

हा समज होणं साहजिक आहे. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. या विषाणूची चर्चा बहुतेक वेळा पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि मुलींच्या लसीपुरतीच होते. पण विषाणू बाई-पुरुष पाहत नाही. तो त्वचेच्या आणि ओलसर अस्तराच्या पेशींत शिरतो, आणि असं अस्तर घशात, गुदद्वारात, शिश्नावरही असतं. शेकडो प्रकारांपैकी मोजकेच धोकादायक. त्यांत १६ क्रमांकाचा सर्वांत कुप्रसिद्ध. त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. गुदद्वाराच्या कॅन्सरमागे तर बहुतांशी हाच विषाणू असतो.

घशात त्याची आवडती जागा म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. गालाच्या आतला किंवा हिरडीचा कॅन्सर वेगळा. आपल्याकडे त्याचं मुख्य कारण तंबाखू-गुटखाच, तिथे उगाच विषाणूला दोष देऊ नये.

पडताळायचं कसं? घशाच्या गाठीच्या बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) रिपोर्टमध्ये ‘पी-१६’ या प्रथिनाच्या चाचणीचा निकाल शोधा; एचपीव्हीचा माग त्यावरून लागतो. लसीचं माहितीपत्रकही वाचा : काही लसी मुलग्यांसाठीही मंजूर आहेत.

संसर्ग झाला म्हणजे कॅन्सर झालाच, असं मात्र नाही. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणू हटवतं. मानेतली न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे तशीच राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.