तीन पायऱ्यांचं गणित

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचं जोतं उंच आहे, कारण पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं. दारात पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या. शेजारी उतार आहे. त्याला सगळे रॅम्प म्हणतात, पण बांधलाय स्कूटर चढवायला. टेप लावली तर ४५ सेंटिमीटर उंचीसाठी लांबी १.८ मीटर, म्हणजे एकास चार.

व्हीलचेअर आणि बसलेला माणूस मिळून ९० किलो धरा. एकास चार उतारावर चाकांचं घर्षण सोडलं तरी सुमारे २२ किलोंचा जोर लागतो. नुसता टिकून राहायलासुद्धा, कारण हात सुटला की खुर्ची मागे. प्रमाणित उतार एकास बाराचा. तिथं साडेसात किलोंत भागतं. त्यासाठी ५.४ मीटर लांबी हवी. ती एका गाडीच्या पार्किंगएवढी भरते, आणि सभेत विषय अडतो तो तिथंच!

पाय तेच, खुर्ची तीच. उतार बदलला की माणूस अडतो किंवा सुटतो. मग अपंगत्व पायांत की जोत्यात? शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं घातलेली आडकाठी वेगळी, ही मांडणी १९७६ साली ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनीच केली.

‘स्वावलंबन’ या शब्दानंही बराच घोळ घातलाय. पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळपास निकामी झालेले एड रॉबर्ट्स रात्री श्वासासाठी यंत्रात झोपत. उठण्याजेवण्याला मदतनीस लागे. तरी अमेरिकेतल्या स्वतंत्र जगण्याच्या चळवळीचे ते अग्रणी, १९७२च्या बर्कलीतल्या केंद्राचे एक संस्थापक. मदतनीस कोण, कधी यायचं, हे ठरवणार ते. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना घरपोच भाजी मिळते. ‘पण वांगी मला निवडता येत नाहीत ना,’ ही त्यांची तक्रार. मुद्दा तोच.

ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून आपण विनोद करत आलो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ सांगतं, की घरचे नाकारतात किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क. मग बाहेर आधाराची घरं हवीत, आणि ती कुठल्यातरी सोसायटीतच असणार. आमच्यासारख्या, तीन पायऱ्यांच्या.