सामूचा आकडा आला कुठून

आपल्याकडं वाळवा, पलूस, मिरज भागात नदीकाठच्या रानाचा माती परीक्षणाचा रिपोर्ट आला की पहिली नजर सामूवर (pH) जाते, साडेआठच्या वर दिसला की जमीन चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) झाली म्हणून सगळे धास्तावतात आणि जिप्सम किती टाकायचं ते सुरू होतं. पण हा आकडा मोजतो काय, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यासाठी आधी आम्ल म्हणजे आंबट पदार्थ आणि अल्क म्हणजे त्याच्या उलटे, खारट-साबणी पदार्थ, हे काय असतात ते कळायला पाहिजे, म्हणून जरा मागं जाऊया.

आधी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचं म्हणणं होतं की आंबटपणा ऑक्सिजनमुळं येतो. 1810 च्या सुमारास हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच, झालं, ते मत तिथंच बारगळलं.

खरी कलाटणी दिली स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज का जाते यावर त्यानं 1884 मध्ये उप्सालाला प्रबंध दिला, प्राध्यापकांना तो पटला नाही आणि जेमतेम पास केलं. तरी गडी मागं हटला नाही, 1887 मध्ये स्पष्टच मांडलं की पदार्थ पाण्यात गेला की वीज सोडायच्या आधीच त्याचे भारित कण म्हणजे आयन होतात, आम्ल हायड्रोजन आयन देतं, अल्क हायड्रॉक्साइड देतं. हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्ण फुटतं पण व्हिनेगरमधल्या आम्लाचे अगदी थोडेच रेणू फुटतात, तीव्र आणि सौम्य हा फरक इथंच आहे. 1903 ला त्याच माणसाला नोबेल मिळालं, मला हे फार मोठं वाटतं.

सामू आला 1909 मध्ये, कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. तिथल्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाला हायड्रोजन आयनांचे बारीक आकडे लिहायला सोपी पद्धत पाहिजे होती. एक अंक वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी, म्हणजे रिपोर्टवरचे साडेसात आणि साडेआठ अजिबात जवळजवळ नाहीत.

अऱ्हेनियसच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र अडकली होती. तासगावकडं बेदाण्यासाठी द्राक्षं ज्या पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात त्या कार्बोनेटमध्ये हायड्रॉक्साइड नाहीच, तरी पाणी अल्क होतं, ते कसं? 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी वेगवेगळं बसून सारखंच सांगितलं, आम्ल प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयनच) देतं आणि अल्क तो घेतं. कार्बोनेट पाण्याकडूनच प्रोटॉन ओढून घेतं आणि मागं हायड्रॉक्साइड उरतं. चोपण रानात सोडियम कार्बोनेट हेच करतं.